पाय टेकला का?

कोयता हातातून सुटला तेव्हा माडाखाली आबा उभे होते.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. कोयता एका झावळीवर आपटला, तिरका झाला आणि दिसेनासा झाला. मग खाली वाळूत काहीतरी रुतल्याचा आवाज आला.

"आबा!"

मला खाली बघता येत नव्हतं. दोन्ही हातांनी मी माडाला मिठी मारली होती आणि गाल खोडावर घट्ट दाबला होता.

"आबा, लागलं का हो तुम्हाला?"

"नाय लागलं. हातभर लांब पडला," खालून आवाज आला. "तुला काय झालं ते सांग."

"माझा डावा पाय गेला, आबा."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे आहे की नाही तेच कळत नाही."

मी तेव्हा तेहेतीस वर्षांची होते आणि आमच्या गावात माडावर चढणारी एकटीच बाई. रत्नागिरीच्या पुढे, समुद्राला लागून आमचं गाव. तालुक्याला पाच दिवसांचं शिबिर झालं होतं, त्यात आम्हा बायकांना यंत्रावरून माडावर चढायला शिकवलं. या यंत्राचे दोन भाग असतात, एक डाव्या पायाचा, एक उजव्या पायाचा. प्रत्येकाला माडाभोवती वेढा घालणारी तार आणि पाय ठेवायला पट्टी. पट्टीवर वजन पडलं की तार खोडाला चावते. वजन उचललं की ती सैल होते, मग तो भाग वरच्या मुठीला धरून हाताने वर किंवा खाली सरकवायचा. एकदा डावा, एकदा उजवा. दोन्ही पाय शाबूत असले तर चाळीस-पन्नास फुटांचा माड पाच मिनिटांत होतो.

आबा म्हणजे माझे सासरे, जनार्दन शिवलकर. एके काळचे नामांकित पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे. नुसता पायात दोरीचा फास अडकवून दिवसाला तीस माड चढायचे म्हणत. मी बघितले ते वाकलेले आबा. पाठ कमरेपासून मानेपर्यंत पुढे झुकून तशीच आखडली होती. मान वर होत नसे. समोरच्याचं तोंड बघायचं तर दोन पावलं मागे सरकून गुडघे वाकवावे लागत. म्हणून ते माणसं पायांवरून ओळखायचे. कोण आलं, कोण दमलं, कोण भांडून आलं, सगळं त्यांना पावलांवरून कळायचं. जना शिवलकर माडावरून पडला आणि वाकला, असं गाव म्हणायचं. मीही तेच धरून चालले होते.

मी शिबिराहून यंत्र घेऊन आले तेव्हा गावात हसले सगळे. माझे यजमान मासेमारीच्या बोटीवर, महिन्यातले वीस दिवस समुद्रात. ते म्हणाले, तुला जमतंय तर कर. आबा दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन आपल्या जुन्या माणसांच्या घरी गेले आणि सांगितलं, "यापुढे तुमचे माड माझी सून करील." तीन वर्षं मी केले.

आणि मग कंबर धरू लागली.

आधी सकाळी उठताना. मग हंडा उचलताना. मग डाव्या पोटरीत मुंग्या. त्या दिवसाआधीचा दीड महिना मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. हसलेली माणसं परत हसतील याची मला भीती होती. एकदा विहिरीवरून येताना आबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "वनिता, चप्पल मागे राहिली तुझी."

मी वळून बघितलं. डाव्या पायातली चप्पल चार पावलं मागे पडली होती. मला पत्ताच नव्हता.

"सैल झालीय," मी म्हटलं.

"पाय ओढत्येस तू."

"नाही हो. काहीतरीच."

त्यानंतर मी अंगणातून गेले की त्यांची नजर माझ्या पायांवर असायची. मला त्याचा राग यायचा.

त्या दिवशी बर्वेकाकूंच्या वाडीत नारळांची पाडप होती. काकू सत्तरीच्या, एकट्या राहायच्या, वाडी अगदी समुद्राला लागून. मी यंत्र खांद्यावर टाकून निघाले तर आबा काठी घेऊन उभे. सहसा ते येत नसत.

"तुम्ही कुठे?"

"येतो जरा. पाय मोकळे होतील."

कमरेला बांधून माडाभोवती फिरवायचा पट्टा मी घरीच खुंटीवर ठेवला होता. तो नेमका दुखऱ्या जागी दाबायचा, म्हणून आठवडाभर मी तो लावत नव्हते.

पाच माड झाले. सहावा उंच होता. नारळांचा तिसरा घड कापायला मी उजवीकडे वळून हात लांबवला आणि कमरेत, अगदी खाली, काहीतरी सरकलं. एक कळ कुल्ल्यातून मांडीत, मांडीतून पोटरीत उतरली आणि अंगठ्यातून निघून गेली. जाताना पाय घेऊन गेली. कोयता तेव्हाच सुटला.

"अगं बाई! काय झालं?" बर्वेकाकू धावत बाहेर आल्या असणार. त्यांचा आवाज चिरकला होता. "वनिता, घट्ट धर हो! पडशील! मी फायर ब्रिगेडला फोन करते."

"करा," आबा म्हणाले. "रत्नागिरीहून यायला दीड तास तरी लागेल, पण करा. आणि काकू, परत आल्यावर बोलू नका. तिला माझाच आवाज ऐकू दे."

काकू गेल्या. अकरा वाजून गेले होते. आमच्याकडे त्या सुमाराला समुद्रावरून वारा सुटतो. माड हलायला लागला. एरवी मला त्याचं काही वाटत नसे. आता प्रत्येक झोक्याला मी खोड आणखी घट्ट धरत होते. दंडांना कापरं भरलं होतं. दीड तास माझे हात टिकणार नव्हते, हे मला ठाऊक होतं आणि आबांनाही.

"वनिता, ऐक," ते मोठ्याने म्हणाले. "मला वर दिसत नाय. पण तार चावली की वाजते, ती मला ऐकू येते. आणि माडाला मी हात लावलाय. तुझं वजन कुठे पडतंय ते मला हाताला कळतं. तू फक्त विचारीन त्याचं उत्तर दे. खोटं बोलू नको."

"नाही बोलत."

"कशी उभी हायस?"

"कशी म्हणजे?"

"कुल्ले माडाला लागलेत की बाहेर?"

मी कधी हा विचारच केला नव्हता. अंग घाबरून कसं गोळा झालंय ते डोळे मिटून बघावं लागलं. "बाहेर."

"पाठ?"

"वाकलीय. पार वाकलीय."

"आणि खांदे?"

"कानाला लागलेत."

"आधी खांदे सोड. खांद्यांनी माड धरायचा नसतो, तळव्यांनी धरायचा. सोडलेस?"

खांदे खाली येईनात. ते माझे नव्हतेच जणू. तीन-चार वेळा श्वास सोडला तेव्हा थोडे उतरले, आणि हातांवरचा ताण खरंच कमी झाला.

"आता पोट माडाला लाव. हळू. बेंबी टेकू दे, मग छाती. पाठ मागे मोडू नको, लांब कर."

मी पोट पुढे नेलं. कमरेत इतकं दुखलं की डोळ्यांपुढे पांढरं झालं.

"आबा, दुखतंय! कमरेत जास्त दुखतंय!"

"पायात?"

"कमरेत!"

"कमरेत दुखू दे. पायात काय ते सांग."

मी थांबले. पायात... पोटरीतली आग मांडीपर्यंत मागे आली होती. "पायात कमी आहे."

"मग बरोबर हाय. तशीच राहा. आता अंगठा हलव."

"हलत नाही."

"बघितलंस?"

"बघवत नाही मला."

"एक डोळा उघड. पायाच्या पलीकडे बघू नको. फक्त अंगठा बघ."

मी एक डोळा उघडला. यंत्राच्या पट्टीवर माझा पाय होता. अंगठ्याची मेंदी अजून पुसली नव्हती. मी हलव म्हटलं आणि तो हलला, थोडासाच. पण मला आत काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या कुणाचा तरी पाय माझं ऐकत होता. त्या उंचीपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"हलतो," मी रडत म्हटलं. "पण मला कळत नाही, आबा."

"मांडी कळते?"

"कळते."

"मग मांडीने उचल. डावा भाग हाताने एक वीत खाली घे. टेकव. टेकला की सांग. वजन मी सांगीन तेव्हा टाकायचं."

मी उचलला. हाताने यंत्राचा भाग खाली सरकवला.

"पाय टेकला का?"

"टेकला."

"कशावरून?"

कशावरून म्हणजे काय? टेकला असणारच. मी लक्ष तळव्यात नेलं, तिथे काही नव्हतं. घोट्यात नेलं, तिथेही नाही. मग गुडघ्यात, गुडघ्याच्या वाटीत, थोडासा दाब होता. मी तो आणखी शोधला. "गुडघ्यात भार येतोय."

"सरळ की बाजूने?"

"सरळ."

"तार वाजली. टाक वजन."

मी वजन टाकलं. तारेने माड धरला. उजवा पाय एक वीत खाली आला. अशी आमची उतरण सुरू झाली. डावा, विचारणं, उत्तर, उजवा. एकेका पावलाला मिनिटभर लागत असेल. आबांचा एकच प्रश्न, "पाय टेकला का?" आणि मी टेकला म्हटलं की "कशावरून?" कधी गुडघा सांगायचा, कधी मांडीचा आतला भाग, कधी कमरेची डावी बाजू. आयुष्यात मी माझ्या अंगाचं इतकं बारकाईने कधी ऐकलं नव्हतं. एकदा मी नुसतंच "हो, हो, टेकला" म्हटलं. आबांनी विचारलं, "कशावरून?" मला सांगता आलं नाही.

"मग टाकू नको. बघ."

डोळा उघडून बघितलं. टाच पट्टीच्या बाहेर लोंबत होती. वजन टाकलं असतं तर पाय निसटला असता.

अर्ध्यावर आल्यावर वाऱ्याचा जोराचा झोत आला. झावळ्या खळखळल्या, माड गावाकडे झुकला आणि माझा धीर सुटला. मी न विचारता डावा भाग खाली सोडला आणि वजन टाकलं. तार चावली नाही. मी हातभर खाली घसरले. खोडाने गुडघा आणि हनुवटी सोलली. मग तार कुठेतरी अडकली आणि मी थांबले. मला लघवी झाली. गरम गरम उजव्या पायावरून वाहिली. खाली कुणाच्या अंगावर गेली असेल तर आबांच्याच.

"मी नाही येत खाली," मी म्हटलं. "मी इथेच थांबते. गाडी येऊ दे."

"हात किती टिकतील?"

"माहीत नाही. मृणालला सांगा..."

मृणाल माझी मुलगी. सात वर्षांची, शाळेत होती.

"मृणालचं नाव घेऊ नको आता," आबा पहिल्यांदाच ओरडले. "पायाचं बोल. फक्त पायाचं. पोट माडाला हाय?"

"नाही."

"लाव."

मी लावलं.

"खांदे?"

"वर आहेत."

"सोड. पाय टेकलाय?"

मी तळव्यापासून वर एकेक जागा शोधत गेले. मग मी म्हटलं, "टेकलाय. खुब्यात कळतंय."

"मग चल."

शेवटचे आठ-दहा फूट कसे आले ते मला नीट सांगता येणार नाही. खालून दोन हात वर आले आणि त्यांनी माझा डावा पाय पट्टीवरून उचलून वाळूत ठेवला. आबांचे हात माझ्या घोट्याभोवती आहेत हे मला फक्त दिसलं. त्यांचा स्पर्श मला झालाच नाही.

गाडी आली तेव्हा मी वाळूत आडवी होते. तशीच मला रत्नागिरीला नेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लघवीवर ताबा आहे ना?" मी घडलं ते सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. रात्रभर नर्स येऊन तेच विचारत राहिली आणि मी पलंगावर पडून पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. सकाळी मी स्वतः चालत, भिंत धरून, संडासला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ती भीतीने झाली होती. ताबा गेला नाही. गेला असता तर ताबडतोब पाठ उघडावी लागली असती." मणक्यांमधली गादी सरकून पायाच्या शिरेवर दाबत होती. दीड महिना ती मला सांगत होती.

ऑपरेशन टळलं. तीन महिने व्यायाम होता. तिथल्या व्यायामाच्या बाई, देवयानी मॅडम, मला बसायला शिकवायच्या, उभं राहायला शिकवायच्या, खालची बादली उचलायला शिकवायच्या. तेहेतीस वर्षं मी हे सगळं चुकीचं करत होते. आरशासमोर उभं करून विचारायच्या, "वजन कुठल्या पायावर आहे? डोळे मिटून सांगा." पहिल्या दिवशी मी सांगितलं आणि चुकले. मला वाटत होतं दोन्हींवर आहे, होतं सगळं उजव्यावर.

आबा माझ्याबरोबर यायचे आणि बाकावर बसून राहायचे. एक दिवस मॅडम त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या, म्हणजे त्यांना आबांचं तोंड दिसेल.

"आजोबा, तुम्ही माडावरून पडलात तेव्हा वय काय होतं?"

"मी कधी पडलो नाय," आबा म्हणाले.

मी हातातली व्यायामाची रबरी पट्टी ओढायची थांबले.

"मग पाठ?"

"अठ्ठावीस वर्षांचा असताना सकाळी उठलो की लाकूड व्हायची. तासाभराने सुटायची. कुणाला सांगितलं नाय. पाडेल्याची पाठ धरली म्हटल्यावर माडावर कोण चढू देईल? मग ती तासाची दोन तास झाली. मग सुटेनाशी झाली. लोकच म्हणायला लागले पडला. मी म्हटलं, पडला तर पडला. पडण्यात लाज नाय."

मॅडमनी विचारलं, "तेव्हा कुणी व्यायाम दिला असता तर?"

"आता काय सांगू," आबा म्हणाले. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या पायांकडे बघून, "हिचा पाय बघितला आणि मला झोप नाय लागली पंधरा दिवस. त्या दिवशी म्हटलं, हिच्याबरोबर जायचंच."

चौथ्या महिन्यात मी पुन्हा अंगणातल्या बुटक्या माडावर चढले, कमरेला पट्टा बांधून. वर गेले आणि नीट खाली उतरले. त्यानंतर सहा-सात दिवसांनी बर्वेकाकू मला बघायला आल्या. ओट्यावर बसून चहा पिता पिता म्हणाल्या, "त्या दिवशी काय वारा होता गं. तुमचं ओरडून बोलणं तेवढं ऐकू यायचं. बाकी नुसता झावळ्यांचा आवाज. मी तर शेजारीच उभी होते, तार वाजल्याचं मला एकदाही कळलं नाही. आबांचे कान या वयात इतके तीक्ष्ण कसे, याचंच मला नवल वाटतं."

काकू गेल्या. मी आबांसमोर जाऊन उभी राहिले.

"आबा, तुम्हाला तार ऐकू येत होती ना?"

ते माझ्या पायांकडे बघत होते.

"नाय," ते म्हणाले.

"आणि माडाला हात लावून वजन कळत होतं ते?"

"माड सगळाच हलत होता. त्यात तुझं काय आणि वाऱ्याचं काय, कसं कळणार? मी हात लावला तो उभं राहता यावं म्हणून. माझेच पाय लटलटत होते."

"मग तुम्ही मला टाक म्हणून कशावरून सांगत होतात?"

"मी कुठे सांगत होतो? मी विचारत होतो. सांगत तू होतीस."

ओटा, अंगण, वाळत घातलेले कपडे, सगळं जागच्या जागी होतं. मी दोन्ही पायांवर सरळ उभी होते. आणि चाळीस फुटांवर जी भीती वाटली नव्हती, ती मला तिथे, दुपारच्या उन्हात, जमिनीवर उभी असताना वाटली. इतकी की मला खांब धरावा लागला. त्या माडावर माझ्याबरोबर कुणीही नव्हतं. पहिल्या वितीपासून शेवटच्या वितीपर्यंत मी एकटी उतरले होते.

"आणि मी चुकीचं सांगितलं असतं तर?"

आबांनी माझा हात धरला आणि मला आपल्या शेजारी बसवलं. त्यांचे हात गार होते.

"म्हणून तर एवढं विचारत होतो, गो," ते म्हणाले.